राहिलेली कॉपी

हॉस्पिटलात त्यांना सगळे कॉपीमास्तर म्हणत. "कॉपी करून पगार घेणारा हा एकच माणूस," अशी नर्सांची थट्टा. दर सोमवारी सकाळी ते प्रत्येक राउटरमधल्या सेटिंगच्या फाइलची कॉपी काढून कपाटात जपून ठेवत. राउटर जळालाच, तर नव्यात ती फाइल भरायची, की पाच मिनिटांत गाडी रुळावर.

मग ताई पाचव्या मजल्यावर दाखल झाली. आईमागे याच बहिणीने त्यांना लहानाचं मोठं केलेलं. हातात जरा वेळ सापडला, की ते तिच्या उशाशी जाऊन बसत. सोमवारची सकाळही तिथेच जाई. असे पाच सोमवार कॉपी राहिली. त्याच दिवसांत नवा अतिदक्षता विभाग सुरू झाला आणि त्याच्या सगळ्या जोडण्या राउटरमध्ये भरल्या गेल्या.

बुधवारी दुपारी मुख्य राउटर जळाला. जुनी फाइल भरल्यावर बाकीचं हॉस्पिटल सुरू झालं, पण नव्या विभागातल्या रुग्णांच्या मॉनिटरचे पडदे काळेच. तिथल्या जोडण्या आता फक्त मास्तरांच्या डोक्यात होत्या. आठवून आठवून ते एकेक ओळ टाइप करू लागले.

भाचीचा फोन आला. "मामा, लगेच वर या. आईला धाप लागलीय."

"आलोच, दहा मिनिटं."

दहाची पन्नास झाली. एक आकडा चुकत होता, तो सापडेना. सापडला तेव्हा पडदे उजळले, कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने धावले.

ताईच्या अंगावर चादर ओढलेली होती.

"दोनदा विचारलं तिनं तुम्हाला," भाची म्हणाली. "तुमचं मशीन सुटलं नाही ना हातातून?"

साहेबांपुढे त्यांनी सरळ कबूल केलं, कॉपी राहिली, चूक माझी. का राहिली, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. भाचीला तर नाहीच. ते सोमवार मी तुझ्या आईपाशी होतो म्हणून कॉपी राहिली, असं म्हणायचं म्हणजे गेलेल्या बहिणीच्या माथी दोष मारायचा, असं त्यांना वाटे.

भाची अजून महिन्याकाठी घरी येते. औषधं आणून देते, चहा करते आणि त्यांच्याकडे न बघता कप पुढ्यात ठेवते.