घराण्यात बाकी कुणाला काय नाय

ओतूरला आमच्या घरी ताईला बघायला पाव्हणे आले की मला एकच काम असायचं, तोंड बंद ठेवायचं. कारण मी नकला लई करायचो. पोहे खाऊन पाव्हणा ढेकर कसा देतोय ते मी त्याच्यासमोरच करून दाखवलं असतं.

पण नानांना, म्हणजे आमच्या वडलांना, खरी भीती वाटायची आत्याची. नवऱ्यानं परत धाडलेली त्यांची सख्खी बहीण, मागच्या खोलीत ऱ्हायची. तिची बोटं सुजायची, गुडघे सुजायचे. सूज आली की भिंतीकडं तोंड करून पडायची, जेवायची नाय, बोलायची नाय. एरवी माझ्या नकलांना खिदळणारी बाई, तेव्हा मी समोर नाचलो तरी डोळे मिटून घ्यायची.

पाव्हणे उठताना ठरलेलं इचारायचे, घराण्यात कुणाला काय हाय का. नाना हसून सांगायचे, बहिणीला जरा संधिवात हाय, बाकी कुणाला काय नाय. आमा पोरांकडनंपण तेच घोकून घेतलेलं. बोटं सुजली तर चारचौघांत सांगायचं, मन सुजलं तर दार लावून घ्यायचं. शेवटी आत्यानं अन्न सोडलं आणि गेली. गावात सांगितलं, संधिवातानं गेली. सांधे दुखून कोण मरतं राव?

ताईचं लगीन झालं. बाळंतपणानंतर तिची बोटं सुजली, आणि मग तीपण भिंतीकडं वळली. सासरच्यांनी आळशी म्हणून माघारी आणून सोडली. पोरगी मांडीवर, आणि हिचं ध्यान कुठंच नाय. आमी तिला पुण्याला डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं बोटं दाबून बघितली आणि इचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला असं होतं का? सांधे सुजणं, मन खचणं?"

नाना ताठ बसले. तेच हसू तोंडावर आणलं. "बहिणीला जरा संधिवात व्हता. बाकी कुणाला काय नाय."

माझं टाळकंच सरकलं. हा काय पाव्हणा हाय का? पोरगी नापसंत करून जाणार हाय? मी नानांसारखाच ताठ बसलो, त्यांचंच हसू ओढलं आणि त्यांच्याच आवाजात बोललो, "आमची बहीण भिंतीकडं तोंड करून, अन्न सोडून मेली, डॉक्टर. पण पोरीचं लगीन व्हायचं व्हतं ना."

माझी नक्कल कधी एवढी हुबेहूब झाली नव्हती. कुणी हसलं नाय.

डॉक्टरनं समजावलं. अंगातली सूज कधी पेटवायची, कधी विझवायची हे ठरवणारी जनुकं असतात. काही घराण्यांत ती जरा वेगळी असतात, सूज लवकर विझत नाही. अशांना नैराश्याचा धोकाही जास्त असावा असं दिसतंय, पण शोध अजून चालू आहे. धोका म्हणजे नशीब नव्हे. मात्र आत्याचं कळलं नसतं तर मी फक्त बोटांचं औषध दिलं असतं, म्हणाला.

फक्त बोटांचं. म्हणजे आत्याला दिलं तेच.

बाहेर आल्यावर नाना चिडून म्हणाले, मनाच्या गोळ्या हितनंच घ्या, ओतूरच्या मेडिकलात निम्मं गाव टेकलेलं असतं, धाकट्या पोरीचं लगीन हाय अजून. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई बोलली. कितीतरी दिवसांनी बोलली.

"ओतूरलाच घ्यायच्या. संपल्या की मलाच आणायला जायचंय ना. दर वेळी पुण्याला कोण येणार, तुमी?"

नाना डॉक्टरची चिठ्ठी तिच्या हातात कोंबून यष्टीकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन मेडिकलात गेली. बाकड्यावर गर्दी व्हती. दुकानदारानं गोळ्या कशावर म्हणून हळूच इचारलं.

"मनावरच्या हायेत," ती म्हणाली. "माझ्याच."