काठावर बसणारे सर

आमचे प्रोटीन सर खुर्चीवर कधी पूर्ण बसले नाहीत. देहाचा जेमतेम अर्धा हिस्सा खुर्चीवर, बाकीचा देवाच्या भरवशावर. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांनी अशी अठरा वर्षं काढली. स्टाफरूमच्या खुर्च्यांचा पुढचा काठ त्यांनी झिजवून इतका धारदार केला होता, की आम्ही त्यावर सुपारी कातरायचो. हे मी कुणालाही सांगतो आणि ऐकणारा विश्वास ठेवतो, कारण त्यानं सरांना बसलेलं पाहिलेलं असतं.

कारण साधं होतं. सर तासिका तत्त्वावरचे. जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन. सत्र संपलं की घरी, नवं सत्र आलं की नवा अर्ज. खुर्च्या पर्मनंट लोकांच्या. त्यातला कुणी आत आला की सर उभे राहत. "अर्ध्यावरून उठाले सोपं जाते, मराठी," ते मला म्हणत. मी तिथं मराठी शिकवतो, तेही तासांवरच, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'मराठी'. मी मात्र पहिल्या दिवसापासून ऐसपैस बसतो. कुणी उठवलंच तर मला ऐकू येत नाही.

सरांचा विषय प्राणिशास्त्र, आणि त्यातलं त्यांचं एकच भजन. "जीन म्हणजे नुसती चिठ्ठी, पोट्टेहो. मायबापाकडून येते ती चिठ्ठी. काम करते ते प्रोटीन." पेशी चिठ्ठी वाचते, तसं प्रोटीन बनवते, आणि मग कुणाचे डोळे घारे होतात, कुणाचं शिंग वाकडं होतं, एखाद्या शेळीच्या कानावर ठिपके येतात. एका तासात ते 'प्रोटीन' हा शब्द इतक्या वेळा उच्चारत की मागच्या बाकावरचा एक तालीमबाज पोरगा वर्षभर तास ऐकून शेवटी त्यांना म्हणाला, "सर, पावडरचा डबा केवढ्याले पडते तुमच्याकडं?" सर त्याला रागावले नाहीत. त्यांनी घरून उकडलेलं अंडं आणून दिलं आणि सोलता सोलता सगळा धडा पुन्हा शिकवला. पोरगा त्या विषयात पास झाला. अंड्यामुळे की धड्यामुळे, यावर स्टाफरूममध्ये अजून दोन तट आहेत.

एकदा मी त्यांना छेडलं, "सर, सगळ्या परीक्षा पास, पीएचडी झालेली, मग तुम्हाला कायम का करत नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "मराठी, माझी पात्रता म्हणजे बंद जीन हाय. चिठ्ठी जाग्यावर हाय, अक्षर बी साफ हाय. पण शरीर वाचूनच नाई राह्यलं." नंतर त्यांनी पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. कपाटं पर्मनंट लोकांची होती.

घरी मात्र त्यांचं राज्य. रहाटगावच्या बाजूला त्यांचं छोटं घर, मागं खुराडं, आणि खुराड्यात एक कडकनाथ कोंबडा. इतका काळा, की त्याची सावली त्याच्यापेक्षा गोरी पडायची. पीस काळं, कातडं काळं, मांस काळं, हाडसुद्धा काळं. सरांनी त्याचं नाव प्राचार्य ठेवलं होतं. निदान एक तरी प्राचार्य त्यांच्या हातून दाणे खात होता.

या प्राचार्याला त्यांनी पांढऱ्या कोंबड्यांत सोडलं आणि झालेली पिल्लं अंजनगाव सुर्जीच्या एका पानमळेवाल्या भाऊंना दिली. तीन-चार महिन्यांनी भाऊ दोन टोपल्या घेऊन दारात हजर. एकीत कोंबड्या, बापासारख्या काळ्याकुट्ट. दुसरीत कोंबडे, फिकट पायांचे.

"सर, तुमी शिकेल माणूस. अर्धा माल नकली काहून देला मले?"

"नकली नाई भाऊ. पोरी बापावर गेल्या, पोरं मायवर."

"माणसात बी असंच रायते का?"

"माणसात भानगड जास्त हाय. तुमी बसा."

भाऊ बसले, पूर्ण बसले, आणि सरांनी समोर उकिडवं बसून त्यांना समजावलं. कडकनाथाच्या चिठ्ठीत एक मजकूर चुकून दोनदा लिहिला गेलाय, म्हणून रंगाच्या पेशींना हुकूम देणारं प्रोटीन त्याच्यात जास्त बनतं. त्या पेशी वाढतात, भटकतात, पार हाडापर्यंत पोचतात. पांढऱ्या कोंबडीकडं मात्र त्यांना अडवणारी एक चिठ्ठी असते, आणि ती चिठ्ठी कोंबडी फक्त मुलांना देऊ शकते, मुलींना नाही. म्हणून मुलांमध्ये काळा रंग वाटेतच अडला. मुलींमध्ये बापाचा रंग मोकळा सुटला. भाऊंनी बराच वेळ दोन्ही टोपल्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे लेकीले अडवणारं कोणी नाई. बरं हाय तिचं." सर हसले, पण घरात पाहून हसले.

घरात पल्लवी होती. त्यांची एकुलती एक. तिनंही प्राणिशास्त्रच केलं होतं आणि कॉलेजात पहिली आली होती. त्या पावसाळ्यात तिच्यासमोर दोन वाटा होत्या. अकोल्याच्या एका कुक्कुट केंद्रात देशी कोंबड्यांच्या वाणांवर काम करायला तिला बोलावलं होतं. आणि आमचे प्राचार्य, म्हणजे माणसातले, म्हणाले होते, "सर, मुलीला आपल्याकडंच आणा. तास देऊ." सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हेच हवं होतं. पल्लवीही थांबायला तयार होती. "बाबाले डबा कोण देईन?" एवढंच तिचं शास्त्र. मी सरांना रोज विचारायचो, रोज म्हणायचे, "पाहू."

मग एक दिवस ती प्राचार्यांना भेटायला कॉलेजात आली आणि वेळ होता म्हणून स्टाफरूममध्ये थांबली. मी खुर्ची पुढं केली. ती बसली. काठावर. पाठ ताठ, पिशवी मांडीवर, एक पाय दाराकडं. तेवढ्यात एक पर्मनंट मॅडम आत आल्या आणि पोरगी खट्दिशी उभी राहिली.

तासावरून आलेल्या सरांच्या हातातला खडू मोडला. त्याचा आवाज बडनेऱ्यापर्यंत गेला असणार.

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "पाह्यलं का मराठी, कशी बसली?"

"अगदी तुमच्यावर गेली," मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे.

त्यांनी कॉलेज सुटल्यावर सायकल स्टँडपाशी मला धरलं. "माहा बाप ओट्यावर मांडी ठोकून बसे. कलेक्टर आला तरी हालला नसता. माय बी तशीच. तुह्यी वहिनी तर तुले ठाऊक हाय, सोफा पुरत नाई तिले. मंग मी कोणावर गेलो?"

"कोणावर?"

"कोणावरच नाई. मी असा नव्हतो. अठरा वर्सात झालो." आणि तिथंच त्यांचा तास सुरू झाला. "घोड्याचं शेपूट कापलं म्हणून शिंगरू बिनशेपटीचं होत नाई, लेका. मिळवलेला गुण वंशात उतरत नाई. तिनं हे रक्तातून नाई घेतलं, पाहून घेतलं. रोज मले पाहून. पाहून घेतलेलं सुटते. पण आतापासून दूर ठेवलं तरच."

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि मुलीचा अर्ज येणार नाही म्हणून सांगून आले. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. तिथंही काठावरच बसले होते, पण बोलले. पल्लवी घरी भांडली. "बाबा, अकोल्याचं बी कंत्राटीच हाय." सर म्हणाले, "असो. पण थ्या लोकायले तुह्यी चिठ्ठी वाचायची हाय." पुढच्या सत्रात सरांचे तास निम्मे झाले. निम्मे ते खुर्चीवर होतेच, आता वेळापत्रकातही झाले.

तिला सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी लागली, तिला खिडकी मिळाली, आणि सवयीनं ती सीटच्या काठावर बसली. सरांनी बाहेरून पत्र्यावर थाप मारली.

"पलू, टेकून बस."

"बाबा, अर्धंच तिकीट हाय बायांचं."

"तिकीट अर्धं हाय. सीट पूर्ण हाय. टेक."

ती हसली, डोळे पुसले आणि टेकली. गाडी वळणाआड जाईपर्यंत सर मान उंचावून फक्त तिची पाठ पाहत होते.

मग आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. मी म्हणालो, "सर, आता तुम्हीही टेका."

"नाई मराठी. दोनचा तास हाय, उठा लागीन."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मीही काठावर बसलो, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. तिथून उठायला खरंच सोपं जातं. फक्त उठून जायचं कुठं, तर पुन्हा त्याच स्टाफरूममध्ये, त्याच खिळ्याखाली.