आमच्या गेममधला वाकडा बांध

गाड्यांच्या शर्यतीचा गेम ज्याने कुणी बनवला, तो आयुष्यात कधी चाकणच्या रस्त्याला आलेला नाही. हे माझं ठाम मत आहे आणि ते मी नवऱ्याला गेम घरात आला त्याच दिवशी ऐकवलं होतं. त्या गेममध्ये रस्ता मोकळा, वळणं गुळगुळीत, मध्ये ना गतिरोधक, ना उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला. आमची कंपनीची बस मोशीच्या पुढे गेली की दुसऱ्या गिअरच्या वर चढत नाही. रोज असं रखडत जाणाऱ्या बाईला घरी येऊन दोनशेच्या वेगाने गाडी पळवण्यात कसला आलाय आनंद? नवऱ्याला मात्र यायचा. तो म्हणायचा, "अगं, तेवढ्यासाठीच तर खेळायचं."

मी चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीला आहे. नवरा भोसरीत मशीनवर आहे. आम्ही रहाटणीत राहतो, दोन खोल्यांत, आणि मुलगी झाल्यापासून आम्ही शिफ्ट अशा लावून घेतल्यात की एक जण कामावर असला की दुसरा घरी. त्याची पहिली शिफ्ट असली की माझी दुसरी. पुढच्या आठवड्यात उलट. मधली दुपारची फट शेजारच्या काकू सांभाळून घेतात. पोरगी एकटी कधी राहिली नाही, हे आमचं यश. आम्ही दोघं एकमेकांना जागेपणी फारसे भेटलो नाही, ही त्याची दुसरी बाजू, आणि ती कुणी विचारत नाही.

कॉम्प्युटर नवऱ्याच्या मित्राने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना आमच्याकडे आला. ज्याची दुसरी शिफ्ट, तो सकाळी पोरगी शाळेत गेली की दोन तास त्यावर बसणार, असा अलिखित करार झाला. त्यामुळे गेमही आम्ही एकटेएकटेच खेळायचो आणि मतं मात्र दोघांची असायची.

बंदुकीचा गेम आमच्या घरात टिकला नाही. लोकांना वाटतं मारामारीमुळे. छे. त्यात चार जणांची टोळी असते, ती चारही जणं खरी माणसं, कुठून कुठून जोडलेली, आणि खेळ अर्ध्यावर सोडून उठलं की बाकीचे आईबापावरून शिव्या देतात. आता बस चौकात आल्यावर मी काय ड्रायव्हरला सांगू, की थांब बाबा, शत्रू अजून दोन उरलेत? शिफ्टच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. क्रिकेटचा गेम मला बरा वाटला, पण त्यातला समालोचक तीच चार वाक्यं घोळून घोळून बोलतो आणि नवरा त्यालाही उत्तरं द्यायचा. मोबाइलवरचा रंगीत गोळ्या जुळवायचा गेम मी बसमध्ये महिनाभर खेळले. मग एक दिवस लक्षात आलं की मी आठ तास दिवे बघून चांगले-वाईट वेगळे करते आणि येता-जाता फुकटात तेच करते. त्याच स्टॉपवर तो काढून टाकला.

ट्रकचा गेम मात्र मला मनापासून आवडायचा, हे मी नवऱ्याला कधी कळू दिलं नाही. परदेशातले लांबच लांब रस्ते, माल पोहोचवायचा, एवढंच. मी माल पोहोचवायचेच नाही. कडेला ट्रक उभा करायचा आणि काचेवर पाऊस पडताना बघत बसायचं. कुणी हाक मारत नाही, काही जळत नाही, काही उतू जात नाही. चांगल्या गेमची माझी व्याख्या साधी आहे, त्यात काही न करताही बसता आलं पाहिजे.

तशीच बसायची जागा पुढे शेतीच्या गेममध्ये मिळाली. एक माळरान असतं, ते साफ करायचं, पेरायचं, पाणी घालायचं, जनावरं पाळायची. तो नवऱ्याने आणला. मी आधी हसले. आमच्या सासरचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, आणि त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नाही. अशा घरातला माणूस पडद्यावर कांदे लावतोय. पण तो लावत राहिला आणि मीही त्यात ओढली गेले. शेत एकच. एका आठवड्यात तो कसायचा, दुसऱ्या आठवड्यात मी.

त्या गेममध्ये लाकडी पाट्या लावता यायच्या आणि त्यांवर काहीही लिहिता यायचं. पहिली पाटी त्याने लावली, "भेंडी तोड, नाहीतर जून होईल." मी खाली लिहिलं, "खरी भेंडीपण फ्रीजमध्ये आहे, तीही कर." मग सवयच लागली. "पोरीला खोकला आहे, औषध दिलंय." "काकूंच्या नातवाचं बारसं गुरुवारी." "तुझा आवाज विसरत चाललोय." हे शेवटचं त्याने गाईच्या गोठ्याच्या मागे लावलं होतं, मला सापडायला तीन दिवस लागले. मोबाइल होता की हातात, नाही असं नाही. पण मोबाइलवर तो फक्त "ओके" लिहायचा. शेतात तो बोलायचा. त्या दोन वर्षांत मी माझ्या नवऱ्याला जेवढं ओळखलं, तेवढं ना आधी ओळखलं होतं ना नंतर.

आता माझी चूक सांगते.

आमच्या कंपनीत फाइव्ह एस नावाची शिस्त आहे. तिचा पहिला नियम, जे लागत नाही ते हलवा. शंका असेल तर त्या वस्तूला लाल पट्टी लावायची. आठवडाभरात कुणी येऊन "हे माझं" म्हणालं नाही, की ती भंगारात. त्या वर्षी आमची लाइन त्यात पहिली आली होती आणि मी लाइनची फाइव्ह एसची प्रमुख होते. डोक्यात ते इतकं भिनलं होतं की घरातले डबेही मी लेबलं लावून ठेवले होते.

तर आमच्या त्या शेतात उत्तरेकडे एक कोपरा होता. बाकी शेत चौकोनी, हा कोपरा वेडावाकडा. एक बांध विनाकारण वळण घेत गेलेला. एक विहीर, जिची गरज फवारे बसवल्यावर उरली नव्हती. विहिरीला लागून एक मोठं झाड, ज्याला फळ येत नव्हतं. हे सगळं नवऱ्याने केव्हातरी रचलेलं. मी बघितलं, माझ्यातली प्रमुख जागी झाली, आणि मी लाल रंगाची पाटी लावली, "हे लागतं का?"

तो आठवडा त्याच्या कंपनीत ओव्हरटाइमचा होता. दुसऱ्या शिफ्टच्या माणसालाही सकाळीच बोलावत होते, त्याने कॉम्प्युटर उघडलाच नाही. मला हे माहीत होतं, कारण त्याचे डबे मीच भरत होते. तरी आठवडा झाला, पाटीखाली उत्तर नाही, म्हणजे नियमाप्रमाणे नको असणार. मी झाड तोडलं. विहीर बुजवली. बांध सरळ केला आणि तिथे ओळीने स्ट्रॉबेरी लावली. वर पाटी, "बघ, किती जागा निघाली."

त्याचा आठवडा संपून माझी पाळी आली तेव्हा सगळं पीक सुकलेलं होतं. त्याने एक दिवसही फवारे सुरू केले नव्हते. नवी पाटी नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला गं." रागावला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण तो रागावला नाही. त्याच्या सकाळी तो मोबाइलवर बातम्या बघत बसू लागला.

मी एकटी खेळत राहिले. पाट्या लावत राहिले, "टोमॅटो पिकलेत", "गाभण गाय व्यायली", आणि पुढच्या वेळी माझ्याच पाट्या मीच वाचायचे. माणूस त्याच घरात, त्याच अंथरुणात झोपून गेलेला, त्याचा डबा मी भरतेय, आणि मला त्याची आठवण यायची. ही गोष्ट कुणाला सांगणार? लाइनवरच्या पोरी हसल्या असत्या.

आठ-नऊ महिने असेच गेले. मग एका लग्नाला आम्ही गावी राहणाऱ्या सासऱ्यांना घेऊन जीपने निघालो. नवरा पुढे ड्रायव्हरजवळ, मी आणि सासरे मागे. औद्योगिक वसाहतीतल्या एका लांबलचक भिंतीपाशी जीप ट्रॅफिकमध्ये अडकली. सासऱ्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि हळूच म्हणाले, "ती पाण्याची टाकी हाय न्हवं, तिथं आपली हीर व्हती. बांध असा वाकडा जायाचा, मधी खडक लागला म्हून. मानसं हसायची."

त्यांनी हाताने हवेत ते वळण काढून दाखवलं. ते वळण मला ठाऊक होतं. मीच ते सरळ केलं होतं.

मी विचारलं, "आणि विहिरीजवळ झाड होतं का?"

"व्हतं की. जांभूळ." ते पुढे बघायला लागले. "झाडाचं त्यालाच इचार."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. लग्नात मी अक्षता टाकल्या, जेवले, कुणाशी काय बोलले ते आठवत नाही.

त्यानंतर माझ्या दुसऱ्या शिफ्टच्या प्रत्येक सकाळी मी तो कोपरा परत उभा करत होते. स्ट्रॉबेरी उपटली. खडक आणून ठेवले, त्यांना वळसा घालून बांध घातला. अडलं की सासऱ्यांना फोन. "मामा, विहीर बांधापासून किती लांब?" "असंल धा-बारा पावलं. पर कशापायी?" मी म्हटलं, चित्र काढतेय. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, की धा न्हाई, आठच पावलं, राती आठवलं. गेममधल्या दुकानातून झाडाचं रोप घेऊन ठेवलं होतं, पण नेमकं कुठे लावायचं ते नवऱ्याला विचारायचा धीर होत नव्हता. मी पाटी लावली, "विहीर बरोबर आहे का?" आणि वाट बघितली. त्याचे आठवड्यांमागून आठवडे गेले. पाटीखाली काही आलं नाही.

शेवटी एका गुरुवारी भोसरीत लाइट जाणार म्हणून त्याला सुट्टी मिळाली आणि माझी दुसरी शिफ्ट होती. सकाळी दोघं घरी, पोरगी शाळेत. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. मी सासऱ्यांसमोर त्याला अहो म्हणते, घरात अरे. त्या दिवशी मला दोन्ही जमेना. मी नुसतं म्हटलं, "चुकलं माझं. येऊन बघ तरी."

तो आला. माझ्या खुर्चीत बसला, मी पलंगाच्या कडेला. त्याने गेममधल्या माणसाला गोठ्यावरून, ओढ्यावरून चालवत उत्तरेकडे नेलं. बांधाच्या वळणाशी थांबवलं. मग विहिरीपर्यंत पावलं मोजली, ओठ हलताना मला दिसले.

"विहीर बरोबर आहे," तो म्हणाला.

"रोप घेऊन ठेवलंय. झाड कुठे होतं ते सांग, आत्ता लावू."

"नको. झाड नको लावू."

मी का म्हणून विचारलं. त्याने माउसवरचा हात काढून घेतला. "भिंत बांधायचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने गावातलीच पोरं घेतली होती. माझी पहिली नोकरी ती. झाडाशी आलो तेव्हा ठेकेदार म्हणाला, तुमचंच झाड आहे, तूच पाड. कुऱ्हाड हातात दिली. मी पाडलं. पहिलाच दिवस, नाही कसं म्हणणार? दुपारी आई डबा घेऊन आली. शेत होतं तेव्हा रोज ती त्या झाडाखाली बसायची आम्ही जेवेपर्यंत. त्या दिवशी बसायला सावली नव्हती. ती उन्हात उभी राहिली आणि मी जेवलो."

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. मी त्याचा हात धरला, तो त्याने धरू दिला.

"तुझ्यावर राग नव्हता गं," तो म्हणाला. "पण ह्या शेतात तरी मी ते झाड तोडलं नव्हतं."

मग घड्याळाकडे बघून तो उठला, चपला घातल्या आणि पोरीला आणायला गेला.