गुढीच्या काठीचं कुंगफू

तुमच्या वडिलांनी कधी पायपुसण्यावर उभं राहून, दोन्ही गुडघे वाकवून, तुमच्याकडे बघत दोन बोटांनी 'ये, पुढं ये की!' अशी खूण केली आहे?

माझ्या वडिलांनी केली आहे. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन आले होते.

बाबांना चिनी मारामारीचे सिनेमे आवडतात, हे वाक्य 'सोलापूरला मे महिन्यात जरा उकडतं' या वाक्याइतकंच सौम्य आहे. सिनेमे हिंदीत डब केलेले असतात. नट तोंड मिटतो आणि मग त्याचा आवाज येतो. प्रत्येक सिनेमात पांढऱ्या दाढीचा एक गुरू असतो, तो शिष्याला शिकवायचं सोडून डोंगरावर पाणी वाहायला लावतो, आणि बाबा दर वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे मला सांगतात, "बघ, आता ह्याला शेवटी कळणार पाणी का वाहायला लावलं ते!"

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट असं की बाबा जन्मभर एका कामगार संघटनेच्या कचेरीत कारकून होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. इतर मुलांच्या पुस्तकांना ब्राऊन पेपरची कव्हरं असायची, माझ्या पुस्तकांना उरलेल्या पत्रकांची. बालवाडीत बाईंनी विचारलं, तुला काय वाचता येतं? मी फळ्यासमोर उभी राहून ठणकावलं, "जाहीर निषेध!" माझं नाव क्रांती आहे. (ते मी ठेवलेलं नाही. पण निभावते आहे.) 'एकटा माणूस काही करू शकत नाही, माणसं एकत्र आली पाहिजेत' हे ज्यांनी मला शिकवलं, तेच बाबा एका माणसानं वीसजणांना लोळवलं की टाळ्या वाजवतात!

"बाबा, ही व्यक्तिपूजा आहे," मी एकदा तोफ डागली.

"अगं, नीट बघ की. वीसजण आहेत. पण येतात कसे? एकेक करून! बाकीचे नुसते गोल करून उभे. संघटना नाही त्यांच्यात, म्हणून मार खातात."

मी पडद्याजवळ जाऊन मोजलं. खरंच एकेक करून येत होते.

दिवाळीनंतर मात्र टाळ्या बंद झाल्या. बाबांचा उजवा खांदा जखडला. हात छातीपर्यंतही जाईना. सदऱ्याच्या बाहीत हात घालायला आई लागायची. भांग ते डाव्या हातानं पाडायचे आणि तो कपाळापासून निघून भलत्याच गावाला जायचा. डॉक्टरांनी व्यायाम दिला : भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं हळूहळू भिंतीवर वर चढवायची. बाबांनी तो एकदा केला.

"हे पालीचं काम आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

पाडवा जवळ आला तशी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "यंदा गुढी क्रांती उभारेल. तुमचा हात काय वर जायचा नाही."

आईबाबांचं लग्न झाल्यापासून आमच्या घरची गुढी बाबांनीच उभारलेली. पण मी कसली ते बघतेय! मी खुर्चीवरून उडालेच. "उत्तम! गुढी बाईच्या हातात गेलीच पाहिजे. मी यावर पत्रक काढते!" आणि तिथल्या तिथे मथळाही सांगून टाकला.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "लई चांगलं होईल." त्यांनी टीव्ही लावला. आवाज लावायचा मात्र राहून गेला. पडद्यावर माणसं बिनआवाजी एकमेकांना मारत होती आणि बाबा समोर बघत बसले होते. आईनं भाजी निवडायची थांबवली. मी मथळ्यात एक उद्गारचिन्ह वाढवावं का, या विचारात होते.

दुसऱ्या दिवशी गुढीची काठी माळ्यावरून खाली आली होती.

"अहो, गुढीची काठी आहे ती!" आई ओरडली.

"वर्षभर झोपून असते. तिलाही व्यायाम पाहिजे की."

आदल्या दिवशीच्या त्या मुक्या सिनेमात एका म्हाताऱ्या गुरूचा हात जायबंदी होतो आणि तो काठी घेऊन पुन्हा शिकतो, एवढं बाबांनी बिनआवाजी टिपलं होतं. काठी दोन्ही हातांत आडवी धरायची, डाव्या हातानं ढकलायची, उजव्याला फरफटत न्यायचं. गुरूच्या मागे डोंगर होते. बाबांच्या मागे ट्यूबलाइट होती. ती पहिल्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर पडलं, आणि मग कैरीच्या लोणच्याची बरणी!

फुटलेल्या बरणीनं माझी तत्त्वं जागी झाली. मी पत्रक लिहिलं आणि टीव्हीच्या पडद्यावर मधोमध चिकटवलं. 'जाहीर निषेध! हिंसेचं उदात्तीकरण करणाऱ्या, स्वयंपाकघरातल्या श्रमांचा चक्काचूर करणाऱ्या सिनेमांचा धिक्कार असो!'

बाबांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"भाषा चांगली आहे. पण मागणी कुठंय?"

"मागणी?"

"पत्रकाच्या शेवटी मागणी पाहिजे, किती वेळा सांगितलं? नुसतं ओरडलीस, तर वाचणाऱ्यानं करायचं काय?"

"माझी मागणी आहे, काठी खाली ठेवा!"

"एकट्यानं ती खालीच राहते, तीच तर अडचण आहे," बाबा म्हणाले. "दुसरं टोक धर."

मी धरलं. (पत्रकाचा इतका झटपट पराभव आमच्या घरात पूर्वी झाला नव्हता.)

अशी मी शिष्या झाले. आधी उभं राहायला शिकायचं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ.

"घोड्यावर बसल्यासारखी उभी राहा."

"बाबा, पण घोडा कुठाय?"

"ते गुडघ्यांना कळू द्यायचं नाही."

रोज सकाळी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत नसलेल्या घोड्यांवर बसायचो. मी माझं टोक वर रेटायचे आणि त्यांचा उजवा हात काठीला धरून थोडा थोडा वर यायचा. छाती. मग गळा. मग हनुवटी. हनुवटीशी काठी थांबायची. बाबा दात आवळायचे. मी विचारायचे, "अजून?" ते म्हणायचे, "आज एवढंच." गुढी कोण उभारणार हा विषय दोघंही काढत नव्हतो. आई आमच्यामधून वाकून जायची आणि पुटपुटायची, "एकाला आवरावं तर दुसरी!"

पाडवा उजाडला तेव्हाही काठी हनुवटीशीच होती. बाबांनी स्वतःच ती माझ्या हातात दिली आणि आपण कुंकवाची वाटी घेऊन बाजूला उभे राहिले. आईनं काठीला आपली इरकल नेसवली, कडुनिंबाचा डहाळा बांधला, साखरेची गाठी घातली, वर तांब्या पालथा घातला.

आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली नरसम्मा मावशींचं अंगण आहे. त्यांचं घर विणकरांचं, बोली तेलुगू. आमचा पाडवा ती त्यांची उगादी. त्या दिवशी त्या पातेलंभर पचडी करतात, चिंचेचा कोळ, गूळ, कैरी, कडुनिंबाचा मोहोर, आणि इमारतीत घरोघरी वाटतात. पातेलं अंगणातल्या स्टुलावर तयार होतं. मावशी वाट्या आणायला आत गेल्या होत्या.

दुसरी एखादी मुलगी असती तर तिनं गुढी उभारली असती आणि श्रीखंड खाल्लं असतं. मी भाषण करायचं ठरवलं होतं. तेही घोड्यावर बसून!

"मित्रहो!" मी काठी पेलून, गुडघे वाकवून सुरुवात केली. (श्रोते : आई, बाबा आणि तारेवरचा एक कावळा.) "आज या घरात इतिहास..."

इतिहास घडलाच. माझ्या मांडीत गोळा आला.

"आई गं!"

घोडा गेला. गुढी गजांवरून बाहेर झुकली आणि रस्त्याला नमस्कार करायला निघाली. मी मागे कोसळत होते, काठी पुढे जात होती, आणि एवढ्यात शेजारून आवाज आला :

"हाऽऽय्या!"

(हा शब्द चिनी की सोलापुरी, यावर घरात अजून एकमत नाही.) कुंकवाची वाटी हवेत उडाली. बाबांनी माझ्या डोक्यावरून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी काठी वरच्या वर पकडली.

काठी थांबली. तांब्या नाही थांबला. गाठीही त्याच्याबरोबर गेली.

खालून 'डुबुक्' असा आवाज आला. मग, "अय्यो!"

"आई, माझंच चुकलं, मी मावशींना दुसरी पचडी..."

"गप गं!" आई म्हणाली. ती खाली बघतच नव्हती. "अहो. हात बघा तुमचा."

बाबांनी मान वर केली. उजवा हात काठीला धरून सरळ डोक्याच्या वर होता. हनुवटीच्या, कपाळाच्या, सगळ्यांच्या वर. आम्ही तिघंही त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे बघत राहिलो. मी उठून काठी धरली. बाबांनी डावा हात खाली घेतला. उजवा तसाच.

"घ्या की आता खाली," आई म्हणाली.

"नको."

"का?"

"परत वर गेला नाही तर?"

तेवढ्यात नरसम्मा मावशी जिना चढून आल्या. एका हातात चिंचेनं निथळणारा तांब्या, दुसऱ्यात अर्धी विरघळलेली गाठी. "काय ओ अण्णा, गूळ होता की पचडीत! वरनं अजून साखर कशाला?" मग त्यांचं लक्ष वर गेलं. "आणि हात का वर? वर्गात बाईंनी काही विचारलं काय?"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तो पदर डोळ्यांकडे गेला.

तांब्या धुऊन पुन्हा गुढीवर चढला आणि गुढी बाबांनी उभारली. गाठी तेवढी निम्मी होती. मी खाली बसून सुतळीची गाठ मारली. इतिहासातलं माझं योगदान तेवढंच. मावशींनी साखरेची पचडी तशीच गाळून वाटली. यंदा इतकी गोड कशी, असं शेजारपाजारचे अजून विचारतात.

मागे कोसळताना माझा खांदा दुखावला. त्याच डॉक्टरांनी तीच भिंत मला दिली. रोज सकाळी मी बोटं चढवते आणि बाबा खुर्चीत बसून नसलेली दाढी कुरवाळत म्हणतात, "पालीनं बघून शिकावं!"

असो. मागणीशिवाय पत्रक पुरं होत नाही, म्हणून ही मागणी : येत्या पाडव्याला आमच्या गल्लीतून जाणार असाल, तर डोक्यावर काहीतरी घ्या. आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे बघून बाबांना हात करा. तेही करतील. उजवा. तो खाली येईपर्यंत मात्र थांबा. त्यांना घाई नसते.