बंदरावरच्या तीन खाणावळी

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर काढलं नव्हतं. मी कॉलेजात आलो तो मास्तरांच्या आग्रहामुळे आणि आईच्या हट्टामुळे. लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मला अजूनही वाटतं. पण वसतिगृहातले मित्र नाताळच्या सुट्टीत खाडीपलीकडे सहलीला जायचं म्हणतात आणि मला विचारतात, "तू तिकडचाच ना? मग सांग, रेवसला उतरलं की कुठल्या खाणावळीत जेवावं?" प्रश्न साधा आहे. तरी तो ऐकला की मी विषय बदलतो. तोंडी मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे. लांबलं तर माफ करावं.

बंदरावर खाणावळी तीन. पहिली ब्राह्मणाचं भोजनगृह. तिथे पाटावर मी कधी बसलो नाही. आम्हा आगऱ्यांना बाहेर ओटीवर वाढत. ओटीवरून जेवढं कळलं तेवढं सांगतो. आमटीत गूळ पुढे आणि आमसूल मागे, भात मऊ, ताक पातळ. वाढणारा उभ्यानेच विचारायचा, त्यामुळे दुसऱ्यांदा भात मागायला जीभ रेटत नसे. शिवराक, म्हणजे मासमासळीशिवाय, जेवणाऱ्याला ती जागा चांगली आहे.

दुसरी चाचांची. पुढे चहा-पाव आणि मागे गोणपाटाच्या पडद्याआड लोखंडी तवा. त्यावर ते मटणाचे जाड काप चरबीतच परतत. पाणी अजिबात घालत नसत. संध्याकाळी निखाऱ्यांवर शिगा लावत. कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून मी आत शिरलो. जातीच्या पंचांना कळलं असतं तर घराला दंड बसला असता. चाचांनी माझं तोंड पाहूनच ओळखलं.

"पडद्याच्या आत बस, बेटा. तुझ्या जातवाल्यांनी बघितलं तर दंड तुला होईल, आणि बदनाम माझा कबाब होईल."

तो काप कसा होता ते मला खरोखर सांगता येणार नाही. प्रत्येक घासाला मी पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होतो. मिरी होती, धूर होता, आणि चावताना रस सुटत होता एवढं आठवतं. घाबरून खाल्लेल्या अन्नावर मत देऊ नये. पण मित्रांनो, तुम्हाला पंच नाहीत. तुम्ही जा.

तिसरी माझ्या आईची. चार मेढी, वर पेंढ्याचं छप्पर, सारवलेली जमीन. तिथे खलाशी, मिठागरातली माणसं आणि गाडीवान जेवत. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचा रस्सा, तव्यावर तळलेली मांदेली. माझी फी त्या चुलीतून निघे. बाबांच्या खारजमिनीतून वर्षाचा भात निघे, त्याहून जास्त काही नाही.

बंदरावरची खाणावळ जोखायची रीत शहरातल्यासारखी नाही. तिथे जेवणाची वेळ घड्याळावर नसते, भरतीवर असते. पाणी चढल्याशिवाय आगबोट जवळ येत नाही, आणि ओहोटी लागायच्या आत तिला निघावं लागतं. भरती रोज पुढे सरकते, तसं जेवणही सरकतं. आज सकाळी शिजणारा भात आठवड्याने दुपारी शिजतो. बोट दिसली तेव्हा ज्याचा भात नुकता उतरला असेल, ती खाणावळ चांगली. आई या हिशेबात कधी चुकत नसे. म्हणूनच त्या दिवशी काय झालं ते मला नीट सांगितलं पाहिजे.

मी तेव्हा नाताळच्या सुट्टीत घरी होतो. वालाच्या शेंगा नुकत्या भरल्या होत्या, आणि थंडीत आई पोपटी लावायची. मटक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी, अंडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला दाबून बसवलेला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मग मटकं जमिनीवर पालथं घालून भोवती गोवऱ्या आणि पेंढा पेटवायचा. वरून पाण्याचे थेंब टाकायचे. ते पडताक्षणी चुरचुरून उडाले की आतलं झालं.

त्या दिवशी मीठ खात्याचा नवा कारकून आला होता. घाटावरचा, अंगाने बारीक, डोक्याला रुमाल. सगळे त्याला रावसाहेब म्हणत. पोपटी त्याने कधी पाहिली नव्हती. तो जाळापाशी उकिडवा बसून राहिला. तेवढ्यात आगबोटीचा भोंगा झाला. वारा पाठीशी असल्याने ती लवकर आली होती.

"मावशी, कधी निघणार तुमचं मटकं?"

"पानी टाकून बगते. चुरचुरलं की निंगालं."

"आणि बोट सुटली तर तुमचं मटकं मला मुंबईला नेणार काय?"

एक खलाशी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "बसा की मटक्यात, रावसाहेब. तरंगतंय त्ये."

सगळे हसले. आईने पाणी शिंपडलं. थेंब उडाले. पटकन उडाले की जरा थांबून, हे मी जाळाच्या दुसऱ्या बाजूला असल्याने पाहिलं नाही. तिने मटकं फोडलं. कारकुनाने कोंबडीची तंगडी खाल्ली, शेंगा खाल्ल्या, बोटं चाटली आणि आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात धावत चढला. उरलेली कोंबडी आणि दोन अंडी मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने बातमी आली. रावसाहेब वाटेत वांत्या करत होता. खलाशांनी फळ्यांवर बादल्या ओतल्या. मुंबईच्या धक्क्यावर त्याला हातगाडीवर घालून नेलं. कुठे नेलं, कोणाला ठाऊक नव्हतं. उतारूंपैकी कोणीतरी "पटकी" हा शब्द उच्चारला. तो शब्द बोटीतून उतरून आमच्याआधी गावात गेला. पावसाळ्यात पलीकडच्या वाडीत पटकीने माणसं गेली होती. लोक ते विसरले नव्हते.

त्या दिवशी आमच्याकडे कोणी जेवलं नाही. भात तसाच राहिला. आईने तो निवल्यावर दह्यात कालवला, आणि मग तोही कोणी खाईना.

मी एकटाच बसून स्वतःच्या पोटाकडे लक्ष देत होतो. जरा गुरगुरलं की उठून तांब्या जवळ आणून ठेवी. एकाच मटक्यातलं खाऊन मी धड होतो, हा पुरावा पुरेसा होता असं मला वाटे. मी तो धीर करून एकदा नाक्यावर बोलूनही दाखवला. एक म्हातारा म्हणाला, "तुला कसा बाधंल? तू घरचा. आयसचा हात पोराला बाधतो व्हय?" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. दुसरा म्हणाला, "तू कालेजात हायेस. तूच सांग, पटकी व्हती का न्हाय?" मी इतिहास आणि इंग्रजी शिकत होतो. मी "माहीत नाही" म्हणालो. त्यांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला, हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसलं.

मग तालुक्याहून आरोग्य खात्याचा माणूस आला आणि त्याने बंदरावरच्या विहिरीत लाल औषध टाकलं. तिन्ही खाणावळी त्याच विहिरीवर होत्या. पण लोक पाहायला आमच्या दाराशी आले. तांब्यातलं पाणी गुलाबी दिसे. आईने ते ओतून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा गुलाबीच.

पोलीस पाटील संध्याकाळी येऊन मेढीला टेकून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता.

"बाई, तो कारकून जगला तर कोनी काय विचारनार न्हाय. पन गेला असं कळलं तर वरनं हुकूम येल, आनि मना ही चूल मोडावी लागंल. मी आताच सांगून ठेवतो."

"मोडा ना," आई म्हणाली. पाटील गेल्यावर तिने मला विचारलं, "मटकं जरा बेगीच काढलं काय रं मी?"

तेव्हापासून ती हे दिवसातून कितीदा तरी विचारी. पाणी भरताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. मी "नाही" म्हणायचो. ती माझ्याकडे बघायची आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. बाबा खारीचा बांध घालायला जात आणि काळोख पडल्यावर परतत. एकदाच ते म्हणाले, "चूल मोडली तर मोडली. शेत हाय."

"शेतावर पोराचं कालेज चालंल व्हय?"

त्यावर ते उठून बाहेर गेले.

सुट्टी संपली. मी मुंबईला जाणारच होतो, तेव्हा कारकुनाचा तपास करायचं काम माझ्यावर आलं. बोटीत मी ज्या फळीवर बसलो, ती नुकती धुतलेली दिसली आणि मी उठून उभा राहिलो. तो जिवंत सापडावा असं मला वाटत होतं. पण शोधायला गेलो नाही तर तो मेल्याचं कळणारही नाही, असंही मनात येत होतं. तपास लागला नाही तर चूल तेवढे दिवस तरी राहील. असा विचार करत मी दोन दिवस काढले, आणि मग इस्पितळात गेलो.

दारावरच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

नाव मला ठाऊक नव्हतं. आमच्या बंदरावर कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जेवणारा माणूस त्याच्या कामाने ओळखला जातो. तांडेल, मास्तर, रावसाहेब. पान वाढताना कोणी नाव विचारत नाही.

"मीठ खात्यातले कारकून आहेत," मी म्हणालो.

"इथं खाती रोगांची हायत. मिठाचं न्हाय." तो स्वतःच हसला आणि मग माझं तोंड पाहून जरा मऊ झाला. "पटकीची मानसं निराळ्या इस्पितळात नेतात. तिकडं इचार."

त्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत मी गेलो. आतून एक झाकलेली डोली बाहेर येत होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मग फाटकात जाऊन विचारलं. तिथेही नावच विचारलं.

त्यानंतर मी दर रविवारी भाऊच्या धक्क्यावर जाऊ लागलो. रेवसची बोट लागली की उतरणाऱ्यांची तोंडं बघायची. आमच्या गावचं कोणी दिसलं की आधी पाय मागे सरत, मग मी पुढे होई. "चूल हाय अजून," एवढंच कळे. "पन पेटत न्हाय." वर्गात प्रोफेसर काय शिकवत ते कानावर पडे, आत जात नसे. वसतिगृहाच्या पंगतीत घास उचलला की मला वाटे, हा वाढणाराही कोणाच्या तरी आईसारखा घाबरत असेल काय? मित्र म्हणत, भात कच्चा आहे, डाळ पाणीदार आहे. मी पानातलं सगळं गप्प खाऊन टाकी.

एका रविवारी, थंडी सरत आली होती, तोच खलाशी धक्क्यावर दोर गुंडाळत होता. मटक्यात बसून जा म्हणणारा. गावच्या माणसांना मी फक्त चुलीचं विचारायचो, त्याला कारकुनाचं विचारलं.

"कोन? त्यो मिठाचा कारकून?" त्याने दोर खाली टाकला नाही. "अरं, त्यो तर कवाचा आलाय परत मिठाच्या नाक्यावर. त्याला काय धाड भरली? बोट लागते त्याला. घाटावरचा मानूस, पैल्यांदाच चढला व्हता पान्यावर. हितं भैनीकडं पडून राह्यला, ताप आला, गेला."

"कधी आला?"

"झाले की लय दिवस. तुला कोनी सांगितलं न्हाय?"

"नाही."

"मना वाटलं, म्हाईत असंल." त्याने दोराचा वेढा खांद्यावर घेतला. "काल तुझ्या आयसकडं बसला व्हता. समद्यांदेखत, भायेर, उनात. रस्सा वरपत व्हता. लोकं बगत व्हती त्याच्याकडं, आता वकतो का मग वकतो."

"मग?"

"मग काय? न्हाय वकला. आज निंगताना मी आनि आमचा तांडेल, दोघंबी तिथंच जेवलो."