फॉर्मचा पहिला रकाना

आमच्या दुकानाची वेबसाइट मी केली. म्हणजे बोटं संगणकवाल्याची, डोकं माझं. सहा वर्षांपूर्वी सातपूरला त्याच्या ऑफिसात मी चार दुपारी ठाण मांडून बसले, मापांची वही मांडीवर उघडी ठेवली आणि बजावलं, की वहीत आहे तसंच्या तसं हवं. त्यानं एकदाच विचारून पाहिलं, काकू, हे सगळं आधीच विचारायचं का? मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

आम्ही ब्लाउज शिवतो. इंदिरानगरला दुकान आहे. गिऱ्हाइकानं फोनवर गळा निवडायचा, बाह्या निवडायच्या. मग आमची बाई घरी जाऊन कापड आणि मापाचा ब्लाउज घेऊन येते. इतकं सोपं काम. पण माझ्या वेबसाइटवर पहिला गळा दिसायच्या आधी एक अख्खा फॉर्म होता. पहिला रकाना, सौ. की कु. दुसरा, नाव. तिसरा, पतीचे अथवा वडिलांचे पूर्ण नाव. एकही मोकळा सोडला तर पुढे जाता येत नसे. आणि या सगळ्याच्या वर माझा फोटो, गळ्यात टेप, हातात कात्री.

हल्ली पोरी दुकानात येऊन माप देत नाहीत. दुकान आता सून बघते. फोनवरून ऑर्डरी वाढल्या नाहीत तर दिवाळीनंतर मशीनवरच्या दोघींना घरी बसवावं लागेल, असं तिनं मला दोनदा सांगून पाहिलं. मी म्हणाले, लोक आळशी झालेत. मग तिनं स्वतःच्या मुलीला मध्ये घातलं. माझी ही नात घरात बसून कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या वेबसाइटी सुधारून देते. माणूस कुठे अडखळतो ते शोधायचं आणि तो खड्डा बुजवायचा, याला म्हणे यूएक्स डिझाइन म्हणतात. अडखळणाऱ्यानं बघून चालावं, असं माझं मत होतं.

नातीनं आठवडाभर तपासून सांगितलं, की बहुतेक बायका पहिल्या पानावरूनच परत जातात. एक मात्र रोज दुपारी न चुकता येते, फोटो मोठा करून बघते आणि जाते. ती कोण असेल, असं तिनं मला विचारलं. जेवणानंतर दुसरं काय करणार मी? चेहरा शक्य तितका भोळा ठेवला.

नात वाद घालत नाही. तिनं ठरवलं, की दोन-तीन अनोळखी बायकांना दुकानात बोलवायचं, हातात फोन द्यायचा, ऑर्डर करा म्हणायचं आणि आपण नुसतं बघायचं. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती. वर तिनं माझ्या हातावर मूठभर आवळासुपारी ठेवली, तोंडाला काम म्हणून.

पहिली आली ती कॉलेजातली मुलगी. तिसऱ्या रकान्याशी थांबून तिनं विचारलं, बाबांचं नाव कशाला, ब्लाउज मला हवाय. आणि फोन ठेवून दिला. आगाऊ कार्टी, असं मी सुपारीशी बोलले.

दुसरी सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. चाळिशीची असेल. पहिली पाळी सुटल्यावर थेट आली होती, डब्याची पिशवी खांद्यालाच. लेकीचा साखरपुडा महिन्यावर आला होता, मोरपंखी कापड घेऊन ठेवलं होतं. मागे गोंडे लावून मिळतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. नातीनं फोन दिला. तिचा अंगठा पहिल्या रकान्यावर गेला आणि थांबला.

मला लगेच कळलं. कपाळ, गळा, हात बघून बाईची गोष्ट ओळखायची सवय आहे मला. माझा धंदाच तो. तिनं सौ. दाबलं. मग ते पुसलं. कु.कडे नुसतं बघितलं. अंगठा तसाच हवेत.

आणि मी सुपारी गालात सरकवून बोलले. "अहो, सौ.च करा. कोण बघतंय?"

नातीनं डोळे मिटून घेतले. बाईनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही.

"बघत कोणी नाय, काकू. पण दाबायचं मला हाय."

फोन तिनं टेबलावर पालथा ठेवला. चहा घेतला, आमच्या घराजवळचा टेलर बरा हाय म्हणाली आणि पिशवी सावरत गेली.

मी सुपारी थुंकायला मोरीपर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. कारण 'कोण बघतंय' हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले नव्हते.

तिशीतली मी म्हणजे एक प्रकरणच होतं. दुकान एका खोलीचं, पण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप अडकवावा तशी मी टेप अडकवून मिरवायची. भाजी आणायलासुद्धा टेप घालूनच जायची. लग्नसराईत बाकावर बायकांची रांग लागे. मग वेळ वाचावा म्हणून मी सकाळीच वहीच्या ओळीओळीत 'सौ.' लिहून ठेवत असे. पुढे नुसतं नाव भरलं की झालं. या हुशारीचा मला कोण अभिमान.

अशाच एका दिवशी एक बाई आली. नाव सांगायच्या आधी तिनं वहीत डोकावून हळूच म्हटलं, ते सौ. खोडा. मी पेन वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, मग काय, कु. लिहू? बाक हसलं. बाकाला हसवायला मला आवडायचं. तिचे कान लाल झाले, तशी उदार होऊन मी म्हणाले, अहो, राहू दे सौ., कोण बघतंय? तिनं काउंटरवरचं कापड उचललं, घडीवर घडी घातली आणि पायऱ्या उतरली.

इथवर असतं तर तरुणपणाचा माज म्हणून सोडून दिलं असतं. पण मी हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं हळदीकुंकवात सांगितला. तिच्या आवाजाची नक्कल करून. दर वेळी हशा मिळाला.

मोरीतून परत आले तेव्हा नात रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त तोच फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आजी, आता तू तुझी ऑर्डर दे."

आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. वेबसाइट केली तेव्हा तीन झाली होती. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावामागे अजून सौ. आहे, कारण पाटी आधीच रंगवलेली होती आणि मला कोणी विचारलं नाही. पेन नेहमी माझ्याच हातात, मग विचारणार कोण? मी अंगठा पुढे केला. तो हवेतच राहिला.

"काढून टाक ते," मी म्हणाले.

आता वेबसाइट उघडली की आधी गळे दिसतात, मग बाह्या, मग गोंडे. नाव अगदी शेवटी, तेही एवढंच, की कापडावर चिठ्ठी कोणाच्या नावाची टाचायची. माझा फोटो तळाशी गेलाय, पार बोटभर झालाय. दुपारी शोधायला वेळ लागतो. ऑर्डरी एकदम नाही, पण येऊ लागल्या. दिवाळी होऊन गेली, दोघी मशीनवर आहेत.

माळ्यावरून मी जुनी वही काढली. ती ओळ सापडली. 'सौ.' आणि पुढे कोरं. नावच विचारलं नव्हतं, तर माफी मागू कुणाची?

सातपूरच्या बाईंना नातीनं फॉर्म बदलल्यावर फोन केला होता. दोन दिवसांनी ऑर्डर आली, मोरपंखी, मागे गोंडे. चिठ्ठीवर नुसतं तिचं नाव, पुढेमागे काही नाही. ती चिठ्ठी मी स्वतः टाचली. सुट्टीच्या दिवशी ब्लाउज न्यायला ती दुकानात आली आणि घालून बघितल्यावर काखेत जरा आवळतो म्हणाली. मी टाचण्या घेऊन बसले. काय बोलायचं ते सकाळपासून घोकून ठेवलं होतं. पण टाचण्या ओठांत धरायची जुनी सवय, त्यामुळे काम संपेपर्यंत गप्पच राहावं लागलं. शेवटची टाचणी लावून म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं."

तिनं आरशात पाठ वळवून गोंडे पाहिले.

"मला नवरा जाऊन अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "तुम्ही सरळ विचारलं असतं, तर सांगितलं असतं की मी."

मी मान खाली घालून जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचत राहिले. होत्या त्या मानानं जरा जास्तच वेळ.