पहिल्या शनिवारची पेटी

साकोली तालुक्यातील एका कॅथलिक हायस्कूलचा मी चौदा वर्षे मुख्याध्यापक होतो. आता निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात राहतो. येथील घंटा दुसरा कोणी वाजवतो. त्या चौदा वर्षांतील एका आठवड्याची नोंद करावी असे वाटते, कारण त्या आठवड्यात मी स्वतःचा एक नियम मोडला.

शाळेत पेट्या दोन होत्या. तक्रारपेटी कार्यालयाच्या व्हरांड्यात, सरकारी आदेशाने लावलेली. तिच्यात तक्रारी फारशा येत नसत, म्हणून पालकांनी रजेचे अर्ज तिच्यात टाकावेत असे मी ठरवले होते. माझ्या दारातील गर्दी त्यामुळे कमी झाली. दुसरी विनंतीपेटी, मरियामातेच्या मूर्तीपाशी. देवाकडे जे मागायचे ते मुले निनावी चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्व शाळेसमोर त्या चिठ्ठ्या घमेल्यात जाळल्या जात. शाळेत ख्रिस्ती मुले बोटांवर मोजण्याइतकी, पण चिठ्ठ्या सर्वांच्या असत. त्या कोणीही वाचणार नाही, असा शब्द मी दिला होता.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. दहावीच्या परीक्षेची आवेदनपत्रे शुक्रवारपर्यंत बोर्डाकडे पाठवायची होती. सोमवारी सकाळी वानरांनी प्रयोगशाळेच्या छपराची कौले फोडली. दुपारी एका गावचे सरपंच आले. त्यांचा पुतण्या दहावीत होता आणि पंधरा दिवस अर्जाविना गैरहजर राहिल्याने मी त्याचे नाव हजेरीपटावरून कमी केले होते. त्यांनी मागील तारीख घातलेला अर्ज आणला होता. मी तो परत केला.

"फादर, एका कागदाचा तं प्रश्न आहे," सरपंच म्हणाले.

"तारखेचा आहे," मी म्हणालो.

मंगळवारी विस्तार अधिकारी आले आणि त्यांनी पोषण आहाराची खिचडी चाखली. मीठ कमी असल्याचे त्यांनी लेखी कळवले. बुधवारी विज्ञान प्रदर्शन होते. त्यात ज्वालामुखी तीन होते आणि तिन्ही एकाच वेळी पेटले.

गुरुवारी एक बाई आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तिची मुलगी दहावीत होती. सरपंचांच्या पुतण्याबरोबर त्याच दिवशी, त्याच नियमाने, मी तिचेही नाव कमी केले होते.

"पोरगी घरी रडून राहिली जी," बाई म्हणाली. "नाव काहून कापलं तिचं?"

"अर्ज नव्हता."

"अर्ज तं म्या टाकला जी! धानाची कापणी अन् माझा हात मोडला. बांधीत पोरगीच उतरली. तिनं लिहिला, म्या सही केली अन् पेटीत टाकला."

"कोणत्या पेटीत?"

"थे देवाची आई उभी हाये ना, तिच्या पायापाशी. दुसरी पेटी कुठी होती? तुमीच सभेत म्हनलं, दारात गर्दी नका करू, पेटीत टाका."

उपमुख्याध्यापिका सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्या मूळच्या केरळच्या. मराठी त्या गावातल्या बायांकडून शिकल्या होत्या.

"फादर, तक्रारपेटी रंग द्याले तुमीच उतरवली ना?" त्या म्हणाल्या. "महिना झाला, स्टोअरमंदी पडली हाये. परत लावा म्हनून तुमाले दोनदा सांगतलं."

सांगितले होते हे खरे होते.

बाईकडून नवा अर्ज घेता आला असता. पण तो मागील तारखेचा झाला असता आणि सोमवारचा कागद मी परत केलेला होता. मूळ अर्ज विनंतीपेटीत असला तरच मुलगी परीक्षेला बसू शकत होती. नसला तर तिचे वर्ष जाणार होते. शोधायचे तर पेटी उघडावी लागणार होती.

मी सिस्टरांकडे किल्ली मागितली. त्यांनी ती लगेच दिली नाही.

"पोरांले शब्द दिला हाये."

"मीच दिला आहे."

"मंग वाचा नोका. खालूनच उघडा. सही दिसली तं अर्ज, नाही दिसली तं देवाचं."

पद्धत योग्य होती. शाळा सुटल्यावर आम्ही पेटी टेबलावर रिकामी केली. बाई दारात बसून राहिली. प्रत्येक चिठ्ठीचे खालचे टोक मी उलगडत होतो आणि सही नसली की परत घडी घालत होतो. तरीही चिठ्ठ्या लहान असतात आणि डोळा थांबत नाही. मी जे वाचले त्यातले इतरांचे येथे लिहिणार नाही. तीन चिठ्ठ्या माझ्याविषयी होत्या, तेवढ्यांचा उल्लेख करण्याचा अधिकार मला आहे. तिन्हींत माझी बदली मागितली होती. एकीत त्यासाठी तुमसर सुचवले होते. दुसरीत, तिथे त्यांना चांगले जेवण मिळो, असे पुढे लिहिले होते.

ती सिस्टरांच्याही नजरेस पडली असावी; त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

अर्ज तळाशी सापडला. तारीख बरोबर होती. अक्षर मुलीचे, स्वच्छ. खाली पालकाची सही होती, पण ती कार्यालयातील नमुन्याशी जुळत नव्हती. अक्षरे वाकडी आणि मोठी, एक ओळीखाली घसरलेले.

"डाव्या हातानं केली जी," बाई दारातून म्हणाली. "उजवा उचलेच ना."

सही न जुळणारा अर्ज अग्राह्य, हाही माझाच नियम होता. मी 'सही तपासली, ग्राह्य' असा शेरा लिहिला. शुक्रवारी कार्यालयातील मोठ्या बाबूंनी मुलीचे आवेदनपत्र पाठवले. पुतण्याचे पाठवले नाही. तो पुढच्या वर्षी बसला.

शनिवारी घमेले पेटवण्याआधी मी मुलांना सांगितले की पेटी मी उघडली, एक अर्ज चुकीने तिच्यात पडला होता आणि ती चूक माझी होती. काही चिठ्ठ्या नजरेखालून गेल्या, हेही सांगितले. मागच्या रांगेतील तीन मुले खाली पाहत होती. मी त्यांच्याकडे पाहणे टाळले. चिठ्ठ्या जळाल्या. तक्रारपेटी त्याच दुपारी जागेवर लागली.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी विनंतीपेटी रिकामी निघाली. तरीही घमेले आणवले आणि प्रार्थना झाली. फेब्रुवारीत एक चिठ्ठी होती. ती मी घडी न उलगडता जाळली.

जूनमध्ये ती बाई मुलीबरोबर गुणपत्रिका घ्यायला आली. मुलगी पास झाली होती. बाईने गुणपत्रिका मिळाल्याची सही उजव्या हाताने केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"आता पाहा जी, जमली का?"

मी नमुना काढून पाहिला. जमली होती.